मजकूर आमचा, कुलूप त्यांचं : मोफत, मुक्त आणि चोरलेलं सॉफ्टवेअर

शाईचा_डाग | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

मी कऱ्हाडचा. आमचं एक लहानसं वाचनालय आहे, त्याचा दिवाळी अंक १९९९ पासून निघतो. गावातले लोक लिहितात, गावातलेच दुकानदार जाहिराती देतात. चारशे प्रती छापतो, त्यातल्या शंभर भेट म्हणून जातात. यंदा जुन्या अंकांतलं निवडक साहित्य एकत्र काढायचं ठरलं. लिहिणाऱ्यांपैकी सात-आठ जण आता हयात नाहीत, तेव्हा हे काम व्हायलाच हवं असं सगळ्यांना वाटतं.

अडचण अशी. अक्षरजुळणी करणाऱ्या काकांनी सगळे अंक पेजमेकर ह्या पानं जुळवायच्या प्रोग्राममध्ये केले, एका नामांकित मराठी फाँटच्या पॅकेजवर. काका वारले, दुकान बंद झालं, मुलाने सीड्यांची चळत आणि एक डोंगल आणून दिला (तो लावल्याशिवाय पॅकेज चालत नाही, त्याचं कुलूपच म्हणा). पेजमेकरच्या फाईली उघडतच नाहीत. ज्या थोड्या वर्डमध्ये होत्या त्या उघडल्या, तर पडद्यावर नुसत्या इंग्रजी मुंग्या. डोंगल जुन्या प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या भोकात बसणारा, नव्या संगणकाला ते भोकच नाही. कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, ती आवृत्ती बंद झाली, नवीन घ्या. किंमत ऐकून आमच्या अध्यक्षांनी हातातला चहा खाली ठेवला.

भाचा म्हणतो, क्रॅक मिळतो, म्हणजे कुलूप तोडलेली प्रत, दहा मिनिटांचं काम. अध्यक्ष म्हणतात, ही चोरी आहे आणि वाचनालयाच्या नावाने ती होणार नाही. माझं डोकं तिसरीकडेच अडकलंय. मजकूर आमच्या लोकांनी लिहिला. कंपनीने एक ओळही लिहिलेली नाही. मग आमचाच मजकूर वाचायला त्यांची परवानगी का लागावी? आणि लागत असेल, तर ते कुलूप तोडणं चोरी कसं?

तंत्रातलं मला फार कळत नाही. नीतीचा प्रश्न म्हणून विचारतोय.


टारगट_टर्मिनल | ९:१४

मी पयला! दाणे-फुटाणे घेऊन बसतो. "विंडोज सोडा, लिनक्स वापरा" म्हणायला किती प्रतिसाद लागतात ते मोजतोय.


गावठी_गीक | ९:१५

लिनक्स वापरा.


टारगट_टर्मिनल | ९:१५

एक. _/\_


गावठी_गीक | ९:५२

आता नीट लिहितो.

शाईचा_डाग, तुमच्या फाईलमध्ये मराठी नाहीच. नव्वदच्या दशकातले फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवायचे. जागा जेमतेम सव्वादोनशे, आणि आपली जोडाक्षरं धरली तर त्याच्या कितीतरी पट. म्हणून अर्धा क, सुटा काना, वेलांटी, रफार असे तुकडे करून जमेल तिथे कोंबले. कुठला तुकडा कुठल्या जागी हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं आणि आपल्यापाशी ठेवलं. फाँट असला तर ती दिवाळी, नसला तर त्या मुंग्या. युनिकोडमध्ये (म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक जागा देणाऱ्या जागतिक प्रमाणात) देवनागरीला स्वतःच्या जागा १९९१ सालीच मिळाल्या होत्या, पण डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणीच्या, दुकानांत त्या पोचायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली. पेजमेकरला तर युनिकोड कधी कळलंच नाही, त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची.

आता नीतीबद्दल. रिचर्ड स्टॉलमन ह्या अमेरिकन प्रोग्रामरचं भांडण नेमकं अशाच एका यंत्रावरून सुरू झालं. एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जाईल अशी सोय त्याने स्वतः केली होती. झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, त्याचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) मिळेना. कार्नेगी मेलनमधल्या एकाकडे तो होता. हा त्याच्याकडे गेला तर तो म्हणाला, कुणाला देणार नाही अशी सही करून बसलोय. स्टॉलमनला राग कंपनीपेक्षा त्या सहीचा आला: शेजाऱ्याला मदत करणार नाही, असं आगाऊ लिहून दिलेलं. १९८३ च्या सप्टेंबरात त्याने ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. त्याची मागणी चार गोष्टींची: हवं त्या कामासाठी चालवता यावं, आत काय आहे ते बघून बदलता यावं, प्रत दुसऱ्याला देता यावी, बदललेली प्रतही देता यावी. मोजणी शून्यापासून, कारण माणूस प्रोग्रामर.

इंग्रजीत फुकटालाही फ्री आणि स्वतंत्रालाही फ्री, त्यामुळे बिचाऱ्याचं निम्मं आयुष्य "मी किमतीबद्दल बोलत नाहीये" हे सांगण्यात गेलं. मराठीला ही अडचण नाही. मोफत वेगळं, मुक्त वेगळं. तरी आपण दोन्हीला फुकटच म्हणतो, तो भाग निराळा.


मावशी७२ | १०:०५

छान समजावलंत. मग व्हॉट्सॲप मोफत की मुक्त?


गावठी_गीक | १०:०८

मोफत. आत काय चाललंय ते तुम्हाला बघता येत नाही, बदलता तर नाहीच. सिग्नलचा कोड बघता येतो.


मावशी७२ | १०:११

पण सिग्नलवर आमच्या भिशीतलं कुणीच नाही.


टारगट_टर्मिनल | १०:१२

मावशींनी दोन ओळींत अख्खी चळवळ गुंडाळली. =))


जुना_जुळारी | १०:४०

मी अशाच एका फाँट कंपनीत अकरा वर्षं होतो. कुठली ते सांगत नाही. धाग्यात खलनायक आम्हीच ठरणार असं दिसतंय, म्हणून लिहितो.

तुम्हाला आज युनिकोड फुकट मिळालंय. १९९०-९२ मध्ये संगणकावर मराठी हवी तर जगातली कुठलीही बडी कंपनी तुमच्यासाठी काही करत नव्हती. आमच्याकडे कागदावर हाताने अक्षरं काढणारे लोक होते. 'ळ'चं पोट किती फुगवायचं यावर आठवडा जायचा. छपाईयंत्रावर शाई पसरून 'द्ध' बुजतो म्हणून तो वेगळा काढलेला. कुठला तुकडा कुठल्या जागी हे कंपनीपाशी ठेवलं म्हणता, पण तेव्हा प्रमाण असं छपाईच्या कामाला पुरणारं काही नव्हतंच. लपवायचं म्हणून वेगळं केलं नाही, प्रत्येकाने आपली वाट काढली.

आणि डोंगल. हौस म्हणून आणला नव्हता. अप्पा बळवंत चौकात आमची एक प्रत विकली जायची आणि पुढच्या महिन्यात ती दहा दुकानांत चालू असायची. त्यातलेच लोक आमच्याकडे दुरुस्तीला फोन करायचे! शाईचा_डाग यांच्या काकांनी निदान विकत घेतलं, त्यांना माझा नमस्कार. पण मराठी माणसाने मराठी फाँटला पैसे दिले नाहीत म्हणून कुलूप आलं. आधी चोरी, मग कुलूप. हा क्रम कुणी सांगत नाही.


खट्याळ_खिळा | १०:४७

जुळारीकाका, प्रतिसाद आवडला. 'ळ'चं पोट. वा.


गावठी_गीक | ११:०३

@जुना_जुळारी, विकायला कुणाचीच ना नाही. मुक्त सॉफ्टवेअर विकता येतं. स्टॉलमन स्वतः ईमॅक्स ह्या आपल्या मुक्त प्रोग्रामच्या टेपा १५० डॉलरला एक अशा विकून पोट भरायचा. मुद्दा घेणाऱ्याच्या हातात पुढे काय राहतं हा आहे.


जुना_जुळारी | ११:२०

दीडशे डॉलरची टेप घेणारा एखाद्या विद्यापीठातला, खिसा विद्यापीठाचा. त्या टेपेवरून त्याने पन्नास प्रती काढल्या तरी स्टॉलमनचं बिघडत नव्हतं, कारण तो एकटा जीव. आमच्याकडे अक्षरं काढणाऱ्या तिघांचे पगार एक तारखेला द्यायचे होते. पहिली प्रत विकली की दुसरी फुकट वाटायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, असा धंदा कऱ्हाडात करून दाखवा, मी येतो बघायला.


कोकण_कोडर | ११:२६

हा मुद्दा खरा आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर नाही. मुक्तवाले "सेवेचे पैसे घ्या" म्हणतात. सर्व्हर विकणाऱ्या कंपन्यांना ते जमतं. फाँटला कसली सेवा? 'ळ'चं पोट दर वर्षी तपासून देणार?

आज जे चांगले मुक्त देवनागरी फाँट आहेत त्यांच्यामागे बघा: कुठे सरकारी संस्था, कुठे आयआयटी, कुठे गूगलसारख्यांचा पैसा. म्हणजे पगार कुणीतरी दिलाच. फक्त गिऱ्हाइकाने दिला नाही.


ॲड_हॉक | रविवार, सकाळी ८:३०

सकाळच्या चहाबरोबर कायदा घ्या. (व्यवसायाने वकील. हा सल्ला नाही, गप्पा आहेत.)

भाच्याला सांगा, कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब वाच. चोरीची प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापरली नसेल तर न्यायालय कैद माफ करून नुसता दंड लावू शकतं. तेव्हा अध्यक्ष बरोबर आहेत.

पण त्याच कायद्यात कलम ५२ आहे, ते कुणी वाचत नाही. ज्याच्याकडे प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे, त्याला दुसऱ्या स्वतंत्र प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल तर ती शोधून काढता येते. तो गुन्हा नाही. आपल्या संसदेने हे लिहून ठेवलंय. २०१२ च्या दुरुस्तीत कुलूप तोडण्याबद्दल ६५अ आलं, तिथेही "हक्क मोडण्याच्या हेतूने" असा शब्द आहे. परवाना काकांच्या नावावर होता की वाचनालयाच्या, हा कीस इथे काढत नाही.

आणि मूळ गोष्ट. तुमच्या फाईलला कुलूप नाहीच हो. कुलूप त्यांच्या प्रोग्रामला आहे. तुमचा मजकूर सांकेतिक लिपीत पडलाय इतकंच. छापील अंक शेजारी ठेवून ती लिपी सोडवलीत तर कुणाचं काही तोडलं नाही. मोडी शिकणारे हेच करतात. मग क्रॅक कशाला?


शाईचा_डाग | ८:५५

वकीलसाहेब, हे डोक्यात आलंच नव्हतं. छापील अंक आमच्याकडे सगळे आहेत. फक्त २००३ चा वाळवीने खाल्लाय.


टारगट_टर्मिनल | ९:०१

वाळवी हे खरं मुक्त सॉफ्टवेअर. कुठल्याही फॉरमॅटमध्ये चालते. (दिवे घ्या)


वऱ्हाडी_ठेचा | १०:१५

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्या लॅबमध्ये दहा संगणक. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ ह्या मशिनींवर चढत नाही कारण त्यात अमुक एक चिप नाही. मशिनी चांगल्या ठणठणीत हो! पंखा पुसला की पळतात. कंपनी म्हणते, भंगार. मले सांगा, माझ्या बैलाचा डॉक्टर निवृत्त झाला म्हणून मी बैल विकू काय?

दिवाळीच्या सुटीत लिनक्स मिंट टाकलं. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतून लिबरऑफिसचे (एमएस ऑफिसच्या जागी चालणारं मुक्त सॉफ्टवेअर) धडे आहेत, तेच पोरांना लावून देतो. पोरांना फरकही पडला नाही. फरक पडला पालकांना. एक बाप आला, म्हणे गुरुजी, हे एमएस-सीआयटीत चालते काय? आता त्याले काय नीतिशास्त्र सांगू? सरकारी नोकरीले जे सर्टिफिकेट लागते त्यात विंडोज अन् ऑफिस.


मावशी७२ | १०:२२

एमएस म्हणजे मायक्रोसॉफ्टच ना?


वऱ्हाडी_ठेचा | १०:२४

महाराष्ट्र स्टेट, मावशी! पण तुमची चूक नाही. अर्ध्या गावाची हीच समजूत आहे, अन् अभ्यासक्रम पाहून ती पक्की होते.


कोकण_कोडर | १०:३९

केरळने सरकारी शाळांतून हे कधीच करून दाखवलं. तिथल्या पोरांना परीक्षासुद्धा ग्नू/लिनक्सवर. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भारतातली शाखाही २००१ मध्ये तिरुवनंतपुरमलाच निघाली. त्यांनी मल्याळमचे फाँट-बिंट स्वतः सांभाळले, कंपनीची वाट बघितली नाही. आपल्याकडे मराठीवर भाषणं जास्त.


निर्विकार | ११:१०

हे सगळं ठीक. पण एक प्रामाणिक शंका. मला कोड वाचता येत नाही. माझ्यासारख्या ९९ जणांना येत नाही. मग "आत बघायचं स्वातंत्र्य" माझ्या काय कामाचं? मला चालणारी वस्तू हवी. बंद असो नाहीतर उघडी.

(आता कुणीतरी पाककृतीचं उदाहरण देणार. नका देऊ.)


खट्याळ_खिळा | ११:१२

माझ्या सासूबाईंचा गोडा मसाला...


निर्विकार | ११:१२

नको म्हटलं ना.


अक्षरवेडी | ११:५८

निर्विकार, पाककृती नाही, ऱ्ह सांगते.

मुद्रितशोधन करते. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. मराठीला हा फरक हवा, हिंदीला ह्या ऱ्याची गरजच नाही. कऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा, सगळे ह्या चंद्रकोरीवर टांगलेले. फाँट करणारा मराठी नसेल तर त्याच्या ते गावीही नसतं. तसंच आपला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श'.

काही वर्षांपूर्वी एका बंद फाँटमध्ये ऱ्ह फुटत होता. कंपनीला मी तीन पत्रं लिहिली. "आपला अभिप्राय मोलाचा आहे", संपलं. पुढे एका मुक्त फाँटमध्ये तसाच दोष सापडला. त्यांच्या कामाच्या पानावर चित्रासकट तक्रार टाकली. मलाही कोड येत नाही. पण एका अनोळखी मुलाने तो दुरुस्त केला, दुरुस्ती मूळ फाँटमध्ये गेली, आणि आता तो फाँट वापरणाऱ्या प्रत्येकाचं कऱ्हाड कऱ्हाडच राहतं. कोड मला वाचता यावा लागला नाही. वाचू शकणाऱ्या कुणालाही तो उघडा असावा लागला, एवढंच.

दुसरं. राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' मुक्त परवान्याखाली आला. पुढे मुंबई आयआयटीने संस्कृत ग्रंथांच्या छपाईसाठी 'शोभिका' केला, तो त्या यशोमुद्रेवर उभा आहे. परवानगीची पत्रापत्री नाही, 'ळ'चं पोट पहिल्यापासून काढायला नको. जुळारीकाका, तुमच्या त्या तिघांनी काढलेली अक्षरं आज कुठे आहेत?


जुना_जुळारी | दुपारी १२:३०

प्रश्न झोंबला.

कंपनी दुसऱ्याने घेतली, त्याने फाँटचा विभाग गुंडाळला. मूळ रेखाटनं एका कपाटात होती. कपाट कुठे गेलं ते मला माहीत नाही. तिघांतले दोघे गेले. त्यांची अक्षरं शाईचा_डाग यांच्या छापील अंकात असतील तर असतील.

पगाराबद्दल बोललो ते अजूनही खरं आहे. पण हेही खरं.


सिएटलकर | १२:५१

+१ अक्षरवेडी.

इकडचं थोडं. विकत घेतलं म्हणजे आपलं झालं असं समजणाऱ्यांसाठी: २००९ च्या जुलैत ॲमेझॉनने लोकांच्या किंडल ह्या वाचनयंत्रावरून विकलेलं पुस्तक रातोरात काढून घेतलं. पैसे परत केले, नंतर माफीही मागितली. पुस्तक कुठलं, तर ऑर्वेलचं '१९८४'! असा योगायोग कथेत लिहिला तर संपादक कापून टाकेल.

पण मुक्तवाल्यांची आरती मी ओवाळणार नाही. रोजचं काम त्यातच आहे, म्हणून माहितीये. एक्सझेड नावाचं एक बारकं लायब्ररी (पुस्तकांचं नव्हे, दुसऱ्या प्रोग्रामांच्या आत वापरतात तो कोडचा तुकडा) जगातल्या असंख्य सर्व्हरांवर असतं. वर्षानुवर्षं एकच माणूस ते फावल्या वेळात सांभाळत होता. लोक त्याला "किती हळू काम करतोस" म्हणून टोचत राहिले, शेवटी त्याने मदतीला आलेल्या एका अनोळखीच्या हाती अर्धी किल्ली दिली. त्या अनोळखीने चोरदरवाजा बसवला. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो खोदत गेला, म्हणून वाचलो. कोड उघडा होता म्हणून सापडला, हे खरं. सांभाळणाऱ्याला कुणी विचारत नव्हतं म्हणून घुसला, हेही खरं.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे असं आपण सांगतो आणि वागतो मात्र फुकट्यासारखेच.


मावशी७२ | १२:५८

त्या बिचाऱ्याला दिवाळीचा फराळ तरी पाठवायचा.


लोकशाही_झिंदाबाद | १:०४

तुम्ही फाँटवर काय चर्चा करताय, ईव्हीएमचा सोर्स कोड कुणी बघितलाय का? तिथे


संपादक | १:०६

ईव्हीएमसाठी चार धागे आधीच चालू आहेत, त्यातले तीन कुलूपबंद. इथे नको.


टारगट_टर्मिनल | १:०७

मुक्त सॉफ्टवेअरच्या धाग्यावर कुलूप. टिपून ठेवलं.


कोकण_कोडर | १:२०

ईव्हीएम सोडून बोलू. सरकारच्या ॲपचा कोड लोकांना दिसावा का, हा प्रश्न रास्तच आहे. आरोग्य सेतू एप्रिल २०२० मध्ये आलं तेव्हा त्याच्या अटींत आत डोकावायलाच मनाई होती. ओरड झाली, २६ मे ला अँड्रॉइड ॲपचा कोड खुला केला. सर्व्हरचा त्या दिवशी नाही. ज्या ॲपशिवाय लोकांना कामावर जाऊ देत नव्हते त्याबद्दल बोलतोय. विकत घेतलेल्या खेळाचा कोड बंद असला तर मला काही वाटत नाही. सक्तीच्या गोष्टीचा बंद असला तर वाटतं. मी स्टॉलमनइतका कडवा नाही, माझी रेघ इथे आहे.


ॲड_हॉक | १:३५

आणि उलटही ऐका. व्हीएलसी, साधं सिनेमे बघायचं मुक्त सॉफ्टवेअर, त्याचं संकेतस्थळ २०२२ मध्ये फेब्रुवारीपासून आपल्या देशात बंद. ना नोटीस, ना कारण. वकिली नोटीस गेल्यावर नोव्हेंबरात उघडलं. गंमत बघा, संकेतस्थळ बंद असलं तरी व्हीएलसी थांबलं नाही. प्रत द्यायचा हक्क सगळ्यांना असल्यामुळे ते शंभर ठिकाणी होतंच. शाईचा_डाग यांचं पॅकेज मात्र एकाच कंपनीच्या दारात होतं.


निर्विकार | १:५०

अक्षरवेडींचं पटलं. कडवेपणा अजून पटत नाही. पण पटलं.


शाईचा_डाग | शुक्रवार, रात्री १०:२०

मंडळी, आठवडाभर गायब होतो. हकिगत सांगतो.

गावठी_गीक यांनी व्यक्तिगत निरोपात सुचवलं की लिबरऑफिसचं 'ड्रॉ' पेजमेकरच्या फाईली उघडतं. विश्वास बसला नाही. ज्यांनी पेजमेकर केलं ते त्याला विसरले, आणि ज्यांचा त्याच्याशी संबंध नाही त्यांनी ते उघडायची सोय करून ठेवावी? पण उघडलं. पानं विस्कटली, चौकटी उडाल्या, मजकूर मात्र आला. मुंग्यांचाच, पण सगळा.

मग भाच्याला बसवलं. क्रॅकचा उत्साह होता तो इकडे वळवला. २००१ चा छापील अंक आणि पडदा शेजारी ठेवून त्याने दोन रात्रीत तक्ता केला: ही मुंगी म्हणजे अर्धा त, ही म्हणजे मात्रा. तिसऱ्या रात्री कळलं की नुसतं बदलून भागत नाही. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षरानंतर, जसं डोळ्यांना दिसतं तसं. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे, म्हणजे नेमकं उलट. पहिल्या फेरीत 'सूर्य'चा रफार पुढच्या शब्दावर जाऊन बसला आणि आमच्या एका कवीचा 'किनारा' वेलांटी गमावून 'कनारा' झाला. आता बरंचसं जुळलंय. शेवटी कशाने छळलं असेल? ऱ्ह ने. सगळीकडे 'कर्हाड'. ते हाताने सुधारतोय.

२००३ च्या फाईली निघाल्या. वाळवीने खाल्लेला अंक परत मिळाला. त्यात काकांनी स्वतः लिहिलेला एक लेख आहे, खिळे जुळवण्याच्या दिवसांवर. मी तो तेव्हा वाचलाही नव्हता.

भाच्याने तक्ता आणि छोटा प्रोग्राम मुक्त परवान्याखाली टाकायचं ठरवलंय, म्हणजे दुसऱ्या वाचनालयांना उपयोगी पडेल. पहिल्या दोन अंकांचं पीडीएफ खालच्या दुव्यावर ठेवतोय.


जुना_जुळारी | १०:४१

तक्ता मला पाठवा. ऱ्ह साठी आम्ही एक वेगळी जागा ठेवली होती असं पुसट आठवतंय. चालत असेल तर फोनवर बसू.


अक्षरवेडी | १०:५५

अभिनंदन! काकांचा लेख वाचायला घेतला. एक परिच्छेद मैत्रिणीला पाठवायला म्हणून निवडला, तर कॉपी होत नाहीये. छापताही येत नाहीये. पासवर्ड मागतंय.


टारगट_टर्मिनल | १०:५६

थांबा. थांबा थांबा.


शाईचा_डाग | ११:१०

हो, ते अध्यक्षांनी लावायला सांगितलं. मागे आमच्या एका बाईंची कविता व्हॉट्सॲपवर फिरली, खाली भलत्याच मोठ्या लेखकाचं नाव. त्या खूप रडल्या होत्या. लोक नाव काढून चोरतात हो.


जुना_जुळारी | ११:१२

आधी चोरी, मग कुलूप. :)


गावठी_गीक | ११:२५

आणि वीस वर्षांनी अध्यक्ष नसतील, पासवर्ड कुणाला आठवत नसेल, आणि कुणाचा तरी भाचा क्रॅक शोधत असेल.


शाईचा_डाग | ११:३८

कळतंय. पण कवितेचं काय करू? त्या बाई उद्या वाचनालयात येणार आहेत. त्यांनाच विचारतो. बाकीच्या लेखकांनाही विचारायला हवं, मजकूर शेवटी त्यांचा. जे गेलेत त्यांच्या घरी जावं लागेल.

पासवर्ड तोवर कऱ्हाड१९९९ आहे. ऱ्ह नीट टाइप झाला तरच उघडेल.